खानदेशचा साबण : राखेपासून सांच्यापर्यंत

भुसावळ हें गांव आगगाडीनें वाढविलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तापीच्या दक्षिणेस वसलेलें तें एक लहानसें खेडें होतें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग सह्याद्रि ओलांडून खानदेशांत उतरला आणि येथें त्याला दोन फांटे फुटले. एक १८६७ सालीं नागपुरास पोंचला, तर दुसरा खांडव्यावरून जाऊन १८७० सालीं जबलपुरास मिळाला. जंक्शन झालें, एंजिनांची मोठी शेड झाली, आणि कोळशाच्या धुरांत वावरणारी एक नवी वस्ती उभी राहिली. फायरमनचा सदरा आणि फिटरची तुमान तर काळी होईच. पण वाऱ्याची दिशा फिरली कीं दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावरहि काजळी बसे. काजळी तेलकट असते. नुसत्या पाण्यानें ती जात नाहीं. त्यांतून पुष्कळ विहिरींचें पाणी जड. तेव्हां हा मळ कशानें काढावयाचा, हा प्रश्न या गांवांतल्या गृहिणीपुढें रोज उभा असे.

प्रश्न घरगुती खरा. परंतु त्याच्या उत्तरांत खानदेशच्या शेतीचा, व्यापाराचा, धर्मभावनेचा आणि रसायनविद्येचा इतिहास गुंतलेला आहे. आज शहरांतल्या घराघरांतून साबणाचा तयार ठोकळा आणून, तो वितळवून, सांच्यांत ओतून रंगीत वड्या करण्याची हौस वाढली आहे. दिवाळीच्या भेटीसाठीं अशा वड्या करतात. मुलांच्या सुटींतील उद्योग म्हणूनहि करतात. ही हौस नवी असली, तरी तिच्या मागें चालत आलेली वाट फार जुनी आहे, आणि त्या वाटेचा बराचसा भाग खानदेशाच्या आसपासूनच गेलेला आहे.

आगगाडी येण्यापूर्वीं या प्रांतांत स्वच्छतेचीं साधनें कामाप्रमाणें निरनिराळीं होतीं. डोक्यास शिकेकाई, रेशमास व लोकरीस रिठा, भांड्यांस राख आणि चिंच, अंगास डाळीचें पीठ किंवा उटणें, आणि जाड्याभरड्या कपड्यांस परिटाची भट्टी. परीट कपडे खाऱ्या मातीच्या पाण्यांत भिजवी, भट्टीवर चढवून त्यांस वाफ देई आणि मग दगडावर आपटी. उजाड रानांत वाढणारें हिंगणबेटाचें कांटेरी झाडहि उपयोगी पडे. त्याच्या फळाचा गीर रेशमी वस्त्रें धुण्यास वापरीत. रिठा, शिकेकाई व हिंगणबेट यांचा फेंस साबणासारखा दिसतो, परंतु तीं द्रव्यें साबण नव्हेत. वनस्पतीनें आपल्याच शरीरांत तयार केलेलें तें एक फेंसाळ द्रव्य होय. तरीहि युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांस रिठ्याची करामत इतकी लक्षणीय वाटली कीं, त्याच्या वर्गास त्यांनीं दिलेलें ‘सॅपिंडस’ हें नांव लॅटिन भाषेंतील साबण आणि हिंद या दोन शब्दांवरूनच घडविलें आहे.

खरा साबण निराळा. त्यास दोन वस्तु लागतात : एक स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल अथवा चरबी, आणि दुसरा क्षार. क्षाराचें सर्वांत जुनें आगर म्हणजे चूल. लांकडाच्या राखेवर पाणी ओतून तें गाळलें कीं खाली उतरतो तो राखेचा निवळ; त्यांत पोटॅशचा क्षार असतो. सर्व राखा मात्र सारख्या नसतात. केळीच्या खांबाची व सालींची राख या क्षारानें फार समृद्ध असते. आसामांत केळीच्या राखेचा खार स्वयंपाकांत आणि धुण्यांत परंपरेनें वापरतात, आणि पश्चिम आफ्रिकेंतील काळ्या साबणांत याच जातीच्या फळाच्या सालींची राख पडते. रावेर-यावलच्या केळीच्या बागा पाहिलेल्या माणसास हें ऐकून नवल वाटेल कीं, घड उतरल्यावर जो खांब तोडून टाकावा लागतो, त्यांत धुलाईचें एक मुख्य द्रव्य भरलेलें असतें.

पोटॅशचा साबण मऊ, लोण्यासारखा होतो. वडी घट्ट व्हावयाची तर सोड्याचा क्षार पाहिजे. तो निसर्गांत क्वचित् ठिकाणीं आयता सांपडतो, आणि असें एक ठिकाण खानदेशच्या शेजारींच आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर खाऱ्या पाण्याचें आहे. आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें काळ्या बसाल्ट खडकांत तें विवर पडलें, असें आज शास्त्रज्ञ मानतात. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं कांठावर क्षाराचे थर जमत. लोक ते गोळा करीत आणि गुणाप्रमाणें त्यांस दल्ला, निमकदल्ला, पापडी, भुसकी अशीं नांवें देत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल यानें ‘ऐन-इ-अकबरी’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना त्यानें या सरोवराची नोंद केली आहे. कांच आणि साबण करण्यास लागणारीं द्रव्यें येथें मिळतात आणि त्यांपासून सरकारास चांगलें उत्पन्न होतें, असें त्यानें म्हटलें आहे. म्हणजे साबण ही वस्तु इंग्रजांबरोबर प्रथमच या देशांत आली, ही समजूत खरी नाहीं. ‘साबण’ हा शब्दहि अरबी ‘साबून’चा भाऊबंद आहे, इंग्रजी शब्दाचा नव्हे.

मग जवळच क्षार, शेतांत तीळ, जवस, करडई व एरंडी, सातपुड्यांत मोहाची टोळंबी, दाराशीं निंब, इतकें सर्व असतां खानदेश साबणाचा प्रांत कां झाला नाहीं? याचें उत्तर युरोपांत शोधावें लागतें. १७९१ सालीं निकोला लब्लां या फ्रेंच माणसानें साध्या मिठापासून सोडा तयार करण्याच्या कृतीचें पेटंट मिळविलें. तोपर्यंत तिकडेहि सोडा समुद्रकांठच्या वनस्पति जाळूनच मिळे. पुढें १८२३ सालीं शेव्रल या रसायनज्ञानें आपला प्रसिद्ध ग्रंथ छापून, तेल व क्षार एकत्र आल्यावर काय घडतें तें स्पष्ट केलें. तेल म्हणजे कांहीं स्निग्ध आम्लें आणि ग्लिसरीन यांचा संयोग. क्षार त्या आम्लांस ओढून घेतो, त्यांचा साबण होतो, आणि ग्लिसरीन मोकळें होतें. सोडा स्वस्त झाला, कृतीमागचें कारण कळलें, आणि अंदाजानें चालणारी कारागिरी हिशेबानें चालणारा कारखाना बनली. लोणारच्या थरांस आतां लिव्हरपूलच्या सोड्याशीं झुंजावें लागलें, आणि त्या झुंजींत थर हरले.

नव्या मालास वाट आगगाडीनें करून दिली. १८८८ सालीं लिव्हर ब्रदर्सच्या ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. १८९५ सालीं ‘लाइफबॉय’ आला. त्याच काळांत या देशांतील तीळ व भुईमूग जहाजांत भरून मार्सेयच्या घाण्यांकडे जात होता. ज्या रुळांवरून खानदेशचा माल बंदराकडे जाई, त्याच रुळांवरून विलायती साबण भुसावळच्या दुकानांत येई. कच्चा माल द्यावयाचा आणि पक्का माल घ्यावयाचा, हा त्या काळचा व्यापार साबणाच्या एका वडींत स्पष्ट दिसतो.

या वडीबद्दल घराघरांत एक शंकाहि होती. ती शंका चरबीची. विलायती साबणांत गुरांची अथवा डुकराची चरबी असण्याचा संभव असे. त्यामुळें ज्या घरांत सोंवळें पाळीत तेथें तो साबण न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंतच येई. अर्देशिर गोद्रेज यांनीं पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास वनस्पतितेलापासून केलेला ‘चावी’ साबण बाजारांत आणला, त्यानंतर १९२० सालीं ‘नंबर २’ आणि १९२२ सालीं ‘नंबर १’ आणला, त्याचें महत्त्व या संदर्भांत आहे. वनस्पतितेलाचा तो जगांतील पहिलाच साबण, असें पुष्कळदां सांगितलें जातें. तें जसेंच्या तसें घेण्याजोगें नाहीं. कारण मार्सेयचा साबण ऑलिव्ह तेलाचाच असावा असा हुकूम चौदाव्या लुईनें १६८८ सालींच काढला होता, आणि सीरियांतील अलेप्पोचा तसाच साबण त्याहूनहि जुना आहे. परंतु स्वदेशीच्या चळवळीनें जागृत झालेल्या हिंदी ग्राहकास चरबीरहित, देशी आणि सुगंधी वडी मिळवून देण्याचें श्रेय गोद्रेज यांस दिलेंच पाहिजे.

स्वदेशी कारखाना निघाला म्हणून घरगुती उद्योगाचा प्रश्न मिटला नाहीं. १९३४ सालीं वर्धा येथें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. दोन वर्षांनीं, १९३६ च्या डिसेंबरांत, काँग्रेसचें पन्नासावें अधिवेशन भुसावळच्या उत्तरेस तापीपलीकडे असलेल्या फैजपूर येथें भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या गांवच्याच साधनांनीं केली होती, आणि खादी व ग्रामोद्योग यांच्या प्रदर्शनाचें उद्घाटन गांधीजींनीं केलें. खेड्यास लागणाऱ्या वस्तु खेड्यानेंच कां करूं नयेत, हा त्या प्रदर्शनाचा प्रश्न होता. साबणाच्या बाबतींत ग्रामोद्योगाच्या पुरस्कर्त्यांनीं त्यास एक विचारपूर्वक उत्तर दिलें. ज्या देशांत पुष्कळांच्या भाकरीवर तेलाचा थेंब पडत नाहीं, तेथें खाण्याचें तेल कपड्यांवर कां घालवावें? निंब, करंज, मोह यांसारखीं न खाण्याचीं तेलें साबणास वापरावीं. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग कमिशननें अखाद्य तेल व साबण हा उद्योग आपल्या कार्यक्रमांत घेतला, तो याच विचारानें.

घरीं मुळापासून साबण करणें ही गोष्ट कठीण नाहीं, पण बेपर्वाईनें करण्याजोगीहि नाहीं. प्रत्येक तेलास क्षाराचें ठराविक प्रमाण लागतें. खोबरेल तेलाच्या १०० भागांस दाहक सोडा सुमारें १८ भाग लागतो. शेंगदाण्याच्या किंवा सरकीच्या तेलास सुमारें १३॥ भाग पुरतो. माप चुकून सोडा अधिक झाला तर वडी कातडी जाळते; म्हणून जाणते लोक तेलाचा अंश थोडा अधिकच ठेवतात. सोडा नेहमीं पाण्यांत सावकाश घालावा लागतो. सोड्यावर पाणी ओतल्यास तें उसळून अंगावर येतें. भांडें ॲल्युमिनिअमचें चालत नाहीं, कारण सोडा त्यास खातो. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे आणि मुलें दूर, हे तीन नियम मोडतां येत नाहींत. सोड्याचें पाणी निवल्यावर तें तेलांत ओतून मिश्रण दाट होईपर्यंत ढवळावयाचें, सांच्यांत भरावयाचें, दुसऱ्या दिवशीं वड्या कापावयाच्या, आणि त्या वाऱ्यावर ४ ते ६ आठवडे वाळूं द्यावयाच्या. इतका धीर धरल्यावर मिळणारी वडी घट्ट असते, आणि तेलांतून मोकळें झालेलें ग्लिसरीन तिच्यांतच राहिलेलें असतें. मोठे कारखाने पुष्कळदां हें ग्लिसरीन काढून घेऊन निराळें विकतात.

खानदेशांत मोठ्या प्रमाणावर साबण निघूं लागला तो मात्र घरांतून नव्हे, तेलाच्या गिरणींतून. २९ डिसेंबर १९४५ रोजीं महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनीं ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना सुरत-जळगांव लोहमार्गावरील अमळनेर येथें उभा राहिला. मुख्य माल ‘सनफ्लॉवर’ वनस्पति तूप. तेल शुद्ध करतांना त्यांतील आम्लांश क्षारानें काढावा लागतो, आणि तो क्षाराशीं मिळून साबणासारखा गाळ होऊन खाली बसतो. असा गाळ टाकून न देतां त्याचा धुण्याचा साबण करणें ही तेलगिरणींची नेहमींची काटकसर. अमळनेरचा जोडमाल असलेला हा साबण ‘७८७’ या नांवानें विकला जाई. १९६६ सालीं संस्थापक वारले आणि अमेरिकेंत शिकत असलेले त्यांचे पुत्र अझीम प्रेमजी यांस कारभार हातीं घ्यावा लागला. कंपनीच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून घडलेलें ‘विप्रो’ हें नांव आज जग संगणकाच्या व्यवसायासाठीं ओळखतें; त्याचें मूळ पूर्व खानदेशांतील तूप आणि साबण यांत आहे. ज्या प्रांतांतून एकेकाळीं गळिताचें धान्य परदेशीं जाई आणि साबण होऊन परत येई, त्या प्रांतांतच शेवटीं शेंगेपासून वडीपर्यंतचा प्रवास पुरा झाला.

आतां उरली ती वितळवून ओतण्याच्या साबणाची हकीकत. तिचें मूळ लंडनमध्यें आहे. अँड्र्यू पिअर्स या केशभूषाकारानें १८०७ सालीं पारदर्शक साबण बाजारांत आणला. साधा साबण अपारदर्शक दिसतो, कारण तो घट्ट होतांना त्यांत असंख्य सूक्ष्म तंतु तयार होतात आणि प्रकाश त्यांवर अडखळतो. पिअर्सनें साबण मद्यार्कांत विरघळविला. त्यामुळें ते तंतु मोठे होऊं शकले नाहींत आणि वडी मधासारखी स्वच्छ झाली. पुढें असें दिसून आलें कीं ग्लिसरीन, साखर यांसारखीं द्रव्येंहि हेंच काम करतात, आणि त्यांच्या योगानें साबण मंद उष्णतेवर वितळतो व थंड होतांच पुन्हां घट्ट होतो. आज बाजारांत मिळणारा तयार ठोकळा तो हाच.

त्याची कृति सोपी आहे. ठोकळ्याचे लहान तुकडे करावे, भांडें उकळत्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यांत ठेवून ते वितळवावे. उष्णता ७० अंशांच्या फार वर जाऊं देऊं नये. उकळी आली कीं त्यांतील पाणी उडतें आणि वडी चिवट होते. थोडें निवल्यावर रंग व सुगंध घालून सांच्यांत ओतावें. वर आलेले बुडबुडे स्पिरिटाचा हलका फवारा मारतांच फुटतात. कांहीं तासांत वड्या निघतात व लगेच वापरतां येतात. ग्लिसरीन हवेंतील ओल ओढून घेतें, म्हणून पावसाळ्यांत वडीवर दंव पडल्यासारखे थेंब येतात. तिला प्लास्टिकच्या कागदांत घट्ट गुंडाळून ठेवणें बरें. हळद किंवा वाळलेल्या निंबाची पूड चिमूटभर घालतां येते. ताजें केळें कुस्करून घालण्याचा मोह मात्र खानदेशांतहि आवरला पाहिजे, कारण ताजीं फळें व दूध यांस या साबणांत बुरशी येते. आणि वड्या विकावयाच्या असतील, तर सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनास कायद्यानें परवाना लागतो, हें विसरतां कामा नये.

या उद्योगांत दाहक सोड्याशीं गांठ पडत नाहीं. तें काम कारखान्यांत आधींच उरकलेलें असतें. म्हणून आईनें आठ-दहा वर्षांच्या मुलीस जवळ बसवून तो करावा, यांत धोका थोडा व आनंद पुष्कळ आहे. परंतु त्याबरोबर एक गोष्टहि लक्षांत ठेवावयास हवी. अशा वेळीं घरांत साबण तयार होत नाहीं. त्यास केवळ आकार मिळतो. राख गाळणाऱ्या बाईस क्षाराचा बरेवाईटपणा बोटांना कळत असे. सोडा विकत आणणाऱ्यास निदान मापाचें ज्ञान ठेवावें लागे. तयार वडी घेणाऱ्यानें तेंहि सोडलें, आणि तयार ठोकळा वितळविणाऱ्याच्या हातीं रंग, वास व सांचा एवढेंच राहिलें. प्रत्येक पायरीवर घराचे कष्ट व धोके कमी झाले, आणि प्रत्येक पायरीवर घरांतील थोडी विद्या कारखान्याकडे गेली. कष्ट गेल्याचें दुःख कोणी करूं नये. राखेच्या पाण्यानें सोललेल्या हातांना त्यांत कांहींच गोड नव्हतें. परंतु विद्या मात्र शब्दांनीं राखतां येते. सांच्यांत वडी थिजत असतांना मुलीनें विचारलें कीं हा ठोकळा कशाचा केला आहे, तर त्या प्रश्नास तेल व क्षार, लोणार व अमळनेर एवढें तरी उत्तर घरांत मिळालें पाहिजे.

भुसावळच्या रुळांवरून आज विजेच्या गाड्या धांवतात. कोळशाचा धूर गेला आणि दोरीवरच्या धोतरावर बसणारी काजळीहि गेली. ज्या मळासाठीं त्या गांवच्या गृहिणीनें रिठा, खार आणि बाजारची वडी एकामागून एक वापरून पाहिली, तो मळ आतां तिच्या पणतीस ठाऊक नाहीं. तिच्या हातांतली वडी गुलाबी आहे, तिला मोगऱ्याचा वास आहे, आणि ती सुटीच्या एका दुपारीं ओतलेली आहे. पण ती वडी पाण्यांत फिरवतांच जो फेंस येतो, त्यामागें तेलाची व क्षाराची तीच जुनी भेट आहे.